लोन फेडलं, एनओसी हातात आहे, तरी सिबिलला थकबाकी दिसतेय. काय करू?

केळीवेफर्स_सावदा:
नमस्कार मंडळी. सावद्याला आमचं छोटं केळी वेफर्सचं युनिट आहे. 2021 ला एका फायनान्स कंपनीकडून मशिनरीसाठी 6 लाखाचं बिझनेस लोन घेतलं, हप्ते सगळे टायमावर, मार्चमध्ये शेवटचा भरून कर्ज फिटल्याची शिक्क्याची एनओसी पण आणली. आता पॅकिंग मशीनसाठी बँकेत गेलो तर साहेबांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली, सिबिलच्या, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टात तेच खातं चालू, बाकी 11,420 आणि डीपीडीच्या, म्हणजे हप्ता किती दिवस थकला त्याच्या रकान्यात 60. कंपनीच्या ऑफिसात तीन चकरा झाल्या, तिथला पोरगा म्हणतो "वरून अपडेट होईल काका". श्रावणातल्या उपासावरच आमचं वर्षाचं गणित बसतं हो, कोणी यातून गेलंय का?

डाळमिल_जळगाव:
भाऊ, चकरा बंद करा आणि आजच लेखी तक्रार टाका, कंपनीला मेल आणि सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीवर हरकत, दोन्ही. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, तक्रार 30 दिवसांत निकाली नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते, एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यातले 21 दिवस कंपनीचे, तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर पैसे तिनेच द्यायचे. पण हे दिवस तक्रारीच्या तारखेपासून मोजतात भो, तोंडी चकरांची कुठे नोंदच नाही! आणि 1 जानेवारी 2025 पासून कंपन्यांनी सिबिलला माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवायची आहे, त्यामुळे मार्चचं खातं अजून उघडं दिसणं हे साधं "अपडेट होईल" नाही.

यंत्रमाग_धुळे:
वरचं बरोबर. फक्त एक बघा, अशा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, म्हणजे ब्युरो, चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. माझं सिबिल दुरुस्त झालं म्हणून मी खुशीत, आणि बँकेने माझा दुसऱ्याच ब्युरोचा रिपोर्ट काढला, फाईल परत. दोन महिने गेले त्यात, कारागिरांना उचल द्यायला घरचं सोनं ठेवावं लागलं. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही काढा. आणि ब्युरोला थकबाकी कळवताना कंपनीने तुम्हाला मेसेज किंवा मेल करायचा असतो, आला होता का?

केळीवेफर्स_सावदा:
नाही आला, कारण नंबर 2023 ला बदलला आणि कंपनीला कळवायचं राहून गेलं. आत्ता स्टेटमेंट नीट बघितलं, ते 11,420 म्हणजे शेवटचाच हप्ता दिसतोय, चेकने दिला होता, त्यांच्याकडे जमाच नाही लावला वाटतं. माझ्या बँकेच्या पासबुकात वटल्याची एंट्री आहे.

डाळमिल_जळगाव:
मग झालं की! पासबुकाचं ते पान आणि एनओसी, दोन्ही स्कॅन करून जोडा, नवीन नंबर पण त्याच मेलमध्ये कळवा. 30 दिवसांत काही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाका, फी लागत नाही. बँकेतल्या साहेबांना तक्रारीचा नंबर आजच देऊन ठेवा, फाईल रिजेक्ट करू नका, थांबवून ठेवा म्हणा.

केळीवेफर्स_सावदा:
मेल गेला, डिस्प्यूट पण टाकला, नंबर वहीत लिहून घेतला. बाकीच्या तिघांचे रिपोर्ट रात्री पोराला बसवून काढतो.