मदत हवी आहे: जॅकेटचा ब्रँड खरंच 'सस्टेनेबल' आहे का? (आज रात्रीच ठरवायचंय)

सत्तरीकर: ग्रुपसाठी १४ रेनजॅकेटं घ्यायचीत, सूट रात्री १२ला संपते. दोघंजणं अडून बसलीत, कंपनी नीट वागणारी असेल तरच पैसे देणार म्हणे. साइटवर हिरवं पान आहे, 'पृथ्वीसाठी' वगैरे लिहिलंय. घ्यावं की नको एवढंच सांगा. लेख नकोत.

मांडवीकाठ: कुठला ब्रँड?

सत्तरीकर: नाव टाकलं की त्याच्यावरूनच भांडणं. सर्वसाधारण सांगा.

मांडवीकाठ: हे म्हणजे डॉक्टरला फोनवर 'काहीतरी होतंय, गोळी सांगा'. निदान लेबलावर काय आहे ते तरी टाक.

डोंगरवेडा: डोळे झाकून पाटागोनिया ब्रँड घे. १९८५पासून विक्रीतला १ टक्का पर्यावरणाला देतात, २०२२मध्ये तर मालकाने कंपनीच ट्रस्ट आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. बाकी सगळी सोंगं.

फोंड्याची मावशी: अरे, त्या एका जॅकेटात आमची चवथ होते! आणि मालक दानशूर म्हणून शिवणारीचं घर चालतं असं थोडंच आहे?

डोंगरवेडा: मावशी, त्यांच्या बऱ्याच कपड्यांवर फेअर ट्रेडचा शिक्का असतो. त्याचे जादा पैसे कामगारांच्या निधीत जातात.

फोंड्याची मावशी: निधी वेगळा, पगार वेगळा.

सत्तरीकर: भांडा तुम्ही. लेबल: 'रिसायकल्ड पॉलिएस्टर, ओएको-टेक्स स्टँडर्ड १००, मेड इन बांगलादेश.'

कायद्याचं बोला: ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. 'इको', 'ग्रीन' म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ नंबरवर तक्रार करा.

सत्तरीकर: अजून घेतलंच नाही, तक्रार कसली?

पावसाळी: बांगलादेश? मग विषयच संपला. राणा प्लाझा विसरलात? २०१३, अकराशेवर माणसं गेली.

मांडवीकाठ: देशावरून ठरवू नका. त्याच दुर्घटनेनंतर इमारत आणि आगीच्या सुरक्षेचा 'अकॉर्ड' करार झाला. सही करणाऱ्या ब्रँडांची यादी उघड आहे, तुझा त्यात आहे का बघ.

आता लेबल. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे कापडातली घातक रसायनं मर्यादेत आहेत. मजुरीबद्दल त्यात अवाक्षर नाही. रिसायकल्डला जीआरएससारखा बाहेरच्या तपासणीचा शिक्का आहे का? नसला तर कंपनीचा नुसता शब्द. मजुरीसाठी फेअर वेअर या कपडे-कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व बघ. माझ्या लेखी खरी कसोटी एकच, कारखान्यांची नावं जाहीर केलीत का? नुसती शिलाईची नाही, कापड रंगवणाऱ्या गिरणीचीसुद्धा, घाण पाणी तिथून बाहेर पडतं. शिवाय पाणी अडवणारा लेप पीएफएएस नावाच्या रसायनांविना आहे का विचार. ही रसायनं निसर्गात सहजी मोडत नाहीत, आणि आपण तीच जॅकेटं घालून म्हादईत उतरतो.

चोर्लाघाट: मुळात आपल्याकडे जॅकेटच कशाला? आतली वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत सत्तरीत कोरडं काय असतं? आतून घामाने भिजणार ते भिजणारच. छत्री घ्या. आणि दूधसागरला रुळांवरून जाऊ नका, बंदी आहे.

सत्तरीकर: दूधसागर कोणी काढलं??

फोंड्याची मावशी: बाबा, जुनी जॅकेटं नाहीत का कोणाकडे?

सत्तरीकर: ९ जणांकडे आहेत, पण वरचं कापड पाणी पितं.

फोंड्याची मावशी: हे आता सांगतोस? फाटलीत? शिवण सुटलीय?

सत्तरीकर: नाही.

फोंड्याची मावशी: मग लेप थकलाय. नेहमीच्या पावडरीने धुता ना? तिचा अंश राहतो. खास धुण्याचं लिक्विड मिळतं, त्याने धुवा, पुष्कळ खळबळा. वाळल्यावर लेबलावर इस्त्री चालते का बघून, वर फडकं ठेवून मंद फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. माझं ११ वर्षांचं आहे.

डोंगरवेडा: पाटागोनियाही जुने कपडे दुरुस्त करून देतात.

फोंड्याची मावशी: तुला कमिशन मिळतं का रे?

सत्तरीकर (दुसऱ्या दिवशी): सूट गेली. कंपनीला कारखान्यांची नावं विचारली होती, उत्तरात तेच हिरवं पान आणि वर ५ टक्के जादा सवलतीचा कोड. चार जुनी धुऊन इस्त्री केली, तीन जॅकेटांवर थेंब घरंगळतो, चौथ्याचा आतला थर सोलतोय. त्याला काय करू?

पावसाळी: तो कोड चालू आहे का अजून?