ब्रेव्हजचं त्रिकूट भारी की आत्ताचे डॉजर्स?

पीचट्री पाटील:
२०२५च्या वर्ल्ड सीरिजपासून (बेसबॉलची फायनल, आधी चार मॅच जिंकेल तो विजेता) जो तो उठतो आणि म्हणतो, यामामोटो-स्नेल-ग्लासनाऊ-ओतानी, डॉजर्ससारखा पिचिंग स्टाफ (बॉल टाकणाऱ्यांची फळी) झालाच नाही. अहो झालाय की! मी ९४ साली अटलांटात आलो, क्रिकेट दिसेना म्हणून नाईलाजाने बेसबॉल लावला तर ऑगस्टात प्लेयर संपावर गेले आणि सीझनच बंद, पण तोपर्यंत ब्रेव्हजचा पिचर मॅडक्स बघून झाला होता. त्या वर्षी त्याचा ईआरए (जितका कमी तितका पिचर भारी) १.५६, पुढच्या वर्षी १.६३. स्पीड बेताचा, पण डावऱ्या बॅटरच्या कमरेवर येणारा बॉल, बॅटर पोट आत घेऊन मागे सरकतो, आणि बॉल वळून प्लेटच्या कडेवरून आत, स्ट्राइक थ्री, म्हणजे आउट. बॅटर तसाच उभा. जोडीला ग्लॅविन आणि स्मोल्ट्झ. १९९१ ते ९८ या आठ वर्षांत नॅशनल लीगचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) ब्रेव्हजकडून खेळताना सहा वेळा या तिघांत फिरला. तिघंही हॉल ऑफ फेममध्ये. विषय संपला.

जर्सीकर:
कसला संपला 😄 डिव्हिजन (आपला गट) सलग १४ वेळा जिंकलात (संपाचं वर्ष सोडून) आणि वर्ल्ड सीरिज एक, १९९५. चौदा वेळा बोहल्यावर चढले आणि लग्न एकदाच लागलं. ९६च्या वर्ल्ड सीरिजला आमच्या यांकीजवर २-० लीड होता, नंतर सलग चार हरलात, त्यातल्या तीन तर तुमच्याच घरी. ९९ला परत आमच्याकडूनच ४-० हरलात.

पीचट्री पाटील:
त्यात पिचरचा काय दोष? ९६च्या पाचव्या मॅचमध्ये स्मोल्ट्झने ८ इनिंग टाकल्या, एकही अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर चढणारा) नाही, फिल्डरने सोपा कॅच सोडला आणि १-० ने गेली. बॅटर झोपले तर पिचरने काय बॅटिंग पण करायची?

इर्व्हाइनची वहिनी:
हो भाऊजी, आमचा ओतानी करतो ना 😂 २०२५च्या सेमीफायनलला मिल्वॉकीविरुद्ध चौथ्या मॅचला १० स्ट्राइकआउट आणि त्याच रात्री ३ होमरन. आणि ती सीरिज नुसती ओतानीची नव्हती, सीझनमध्ये सगळ्यात जास्त मॅच जिंकलेली टीम समोर होती आणि तिला चार मॅच मिळून चार रन करू दिले. एक-एक-एक-एक. सांगा बघू तुमच्या त्रिकुटाने असं कधी केलं?

कट्टेकरी:
वहिनी, पण सीझनभर तुमचं बुलपेन (मागून येणारे पिचर) गळकी बादली होतं ते विसरू नका. सासाकी हा स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर), त्याला शेवटी क्लोजर (मॅच संपवणारा) करावं लागलं. पैसे ओतून टीम घ्यायची आणि मग ग्रेट म्हणायचं, यामामोटो एकटा ३२.५ कोटी डॉलरचा. स्टाफ बघायचा तर १९७१चा बाल्टिमोर ओरिओल्स बघा. पामर, कुएयार, मॅकनॅली, डॉब्सन, चौघांच्या २० किंवा जास्त विन्स (पिचरच्या नावावर जमा होणारे विजय), एकाच सीझनला. आता अख्ख्या लीगमध्ये एखाद्याच्या २० झाल्या तरी बातमी होते.

जर्सीकर:
आणि वर्ल्ड सीरिज पिट्सबर्गने नेली, सातव्या मॅचला. कट्टेकरी, तुमची पण वरात परतच आली.

इर्व्हाइनची वहिनी:
पैशाचं म्हणाल तर मॅडक्स काय अटलांटाच्या अंगणात उगवला होता का? शिकागोत साय यंग मिळवून फ्री एजंट (करार संपून मोकळा) म्हणून आला. आणि जुन्या लोकांचं कौतुक मलाही आहे, कूफॅक्स आमचाच, ६६ला २७ मॅच जिंकला आणि कोपर गेलं म्हणून तिसाव्या वर्षी रिटायर. तेव्हा हात मोडेस्तोवर टाकून घ्यायचे, आता १०० पिचला कोच फोनकडे धावतो, म्हणून विन्सचे आकडे जुळवून बघण्यात काही राम नाही. पण यामामोटो बघा की! २०२५च्या वर्ल्ड सीरिजला सहाव्या मॅचला ९६ पिच टाकले, दुसऱ्या दिवशी सातवीच्या नवव्या इनिंगला परत हजर, दोन रनर बेसवर. पहिल्याच बॅटरला बॉल मारला, बेस लोडेड, तिन्ही बेसवर रनर. मी टीव्हीसमोर उभी, हातातली पोळी हातात, तवा धूर सोडतोय, मुलगा ओरडतोय आई गॅस! मग होम प्लेटला कसाबसा आउट, मग सेंटरफिल्डरने पार्टनरच्या अंगावर पडून कॅच घेतला. अकराव्या इनिंगपर्यंत तोच टाकत होता. पोळी फेकून दिली.

पीचट्री पाटील:
ते मान्य, तो माणूस ग्रेटच. पण वहिनी, एका पिचरची एक रात्र म्हणजे स्टाफ नव्हे. ९८ला आमच्या पाच स्टार्टरच्या प्रत्येकी १६ किंवा जास्त विन्स, एप्रिल ते सप्टेंबर रोज कोणी ना कोणी तसाच. ऑक्टोबर म्हणजे लॉटरी.

जर्सीकर:
आणि ग्लॅविनला अंपायर बाहेरचा कोपरा वीतभर वाढवून द्यायचे त्याचं काय? फुकटचे स्ट्राइक.

पीचट्री पाटील:
आणि ९७ला मार्लिन्सचा पिचर लिव्हान हर्नांडेझ याला अंपायरने त्याच्या दुप्पट कोपरा दिला, १५ स्ट्राइकआउट, आम्ही २-१ हरलो, तेव्हा कोणी बोललं नाही. मॅडक्सच होता आमच्याकडून.

टेनिसबॉल:
नवीन आहे, पुण्यातून वाचतोय. ईआरए म्हणजे बोलिंग ॲव्हरेजच ना? आणि ओतानीला बॅटिंगचे मार्क पिचिंगमध्ये का देताय?

कट्टेकरी:
साधारण तसंच, नऊ इनिंगमागे किती अर्न्ड रन दिले ते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहिनी देतील.

पीचट्री पाटील:
वहिनी देण्याआधी मी सांगतो, बॅटिंग धरायचीच असेल तर ग्लॅविनला पिचर असून चार सिल्व्हर स्लगर (बॅटिंगचे पुरस्कार) आहेत. लिहून घ्या.