उरलेली बाटली देऊ नका

आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला, आणि थोरल्याची उरलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची बाटली घरात आहे, ती द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात देऊ नका. पाणी घालून कालवलेलं अमॉक्सिसिलिनचं औषध साधारण सात दिवसच टिकतं. त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा! शिवाय डोस ठरतो तो बाळाच्या वजनावर, थोरल्याचं माप धाकट्याला चालत नाही.

औषध वाईट असं नाही. न्यूमोनियात हेच अमॉक्सिसिलिन जीव वाचवतं. पण तान्ह्यांचा बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा, तिथे त्याचा उपयोग शून्य. वर जुलाब, अंगावर पुरळ.

गड्ड्याच्या यात्रेनंतर माझी लेक अशीच आजारी पडली होती. सासूबाई म्हणाल्या, "पावडरचं औषध आण की मेडिकलातनं." डॉक्टरांनी मात्र आधी तिचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नुसतं पोट बघत बसले. ४४ श्वास. नाकात सलाईनचे थेंब, अंगावरचं दूध चालू, बस्स. (फी घेऊन औषध नाही, म्हणून घरी कुरकुर झालीच.)

तुम्हीही बाळ शांत असताना मोजा. दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध न ओढणं, ओठ निळसर: यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबायचं नाही.