मदत हवी आहे: जेन्किन्सनसारखा नोट्सचा डबा बनवतोय, कागद तिरका सरकतो

पुढच्या महिन्यात मित्राच्या गाडीतून पहिल्यांदाच टीएसडी रॅलीला (ठरवून दिलेल्या वेगानं, ठरलेल्या वेळेत अंतर कापायची स्पर्धा) जातोय. गाडी तो चालवणार, मी नॅव्हिगेटर. सरावात कळलं की रोडबुकची (रस्त्याच्या सूचनांच्या वहीची) पानं उलटताना माझी ओळ चुकते. (बायको म्हणते, वाण्याच्या यादीतही चुकते.)

म्हणून १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतल्या मोटार शर्यतीत वापरलेल्या डब्याची नक्कल करायला घेतली. ब्रेशिया ते रोम आणि परत ब्रेशिया, एरवी वाहतुकीच्या असलेल्या रस्त्यांवरून जवळपास १६०० किमी. मर्सिडीज ३०० एसएलआर चालवायला स्टर्लिंग मॉस, शेजारी डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला पत्रकार. त्यांनी आधी रस्ता पालथा घालून वळणं, चढ, रेल्वे फाटकं टिपली. ती उतरवली साडेपाच मीटरच्या एकाच कागदावर, आणि तो बसवला डब्यातल्या दोन रुळांवर. वर पारदर्शक खिडकी. उघड्या गाडीत बोललेलं ऐकू येणार कसं? जेन्किन्सन हातानं खुणा करायचा. वाटेत ओकायला बाहेर वाकला तर चष्माच उडाला. दुसरा जवळ होता म्हणून निभावलं! सकाळी ७:२२ ला सुटले म्हणून गाडीचा नंबर ७२२. वेळ १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, सरासरी ताशी १५७ किमी.

माझा डबा म्हणजे प्लॅस्टिकचा टिफिन, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आणि बिलाचा रोल. पहिला रोल दुपारभर डॅशबोर्डवर राहिला आणि काळाठिक्कर पडला. थर्मल कागद, लक्षातच आलं नाही. आता साधा कागद लावलाय, पण दहाबारा वेढ्यांनंतर तो एका बाजूला सरकतो, कड चुरगळते आणि सगळं अडकतं. कुणी असलं काही केलंय का?

प्रतिसाद:
रूळ समांतर नाहीत तुमचे. भोकं पुन्हा मोजून पाडा. शिवाय खालचा रूळ मोकळा फिरत असणार. त्याच्या टोकाशी जाड फेल्टची चकती दाबून बसवा, म्हणजे कागद ताणलेला राहील. सुरुवातीची कड पाइपला काटकोनात चिकटवा, नाहीतर पहिल्या वेढ्यापासूनच तिरका जाईल.

धागाकर्ता:
एका बाजूचं भोक खरंच दोन मिलिमीटर वर होतं! नवीन पाडलं, फेल्ट लावलं. चाळीस वेढे सरळ गेले. आता घाटात खाली मान घालून वाचायचं म्हणजे पोटात ढवळणार, त्याचं काय?

प्रतिसाद:
आवळा सुपारी ठेवा खिशात. आणि चष्म्याला दोरी बांधा.