ल्युमिनॉल उजळलं म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल सापडला का?

नीलकिरण:
माझं मत 'हो'. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला, अतिशय क्रियाशील OH) सुटतो, हे हेबर आणि वाइस यांनी १९३४ मध्येच मांडलं. तो ल्युमिनॉलचा (ऑक्सिडेशन झालं की उजळणारं रसायन) एक इलेक्ट्रॉन ओढतो आणि ४२५ नॅनोमीटरच्या आसपास निळा उजेड पडतो. ०.१ मिलिमोलर ल्युमिनॉल, १ मिलिमोलर पेरॉक्साइड, १० मायक्रोमोलर फेरस, सामू (pH) १०.५ चा कार्बोनेट बफर, एवढ्यात मोजमाप होतं. रॅडिकल थेट ओळखणारं ईएसआर यंत्र सगळ्यांकडे कुठून असणार?

लोहगंज:
साफ असहमत. पेरॉक्साइड न घालता करून बघा, तरी उजेड पडतो. फेरस हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन जादा असलेला ऑक्सिजन) बनवतं. समुद्राच्या पाण्यातलं अत्यल्प फेरस याच युक्तीने मोजतात. उजेडासाठी ल्युमिनॉलचा रॅडिकल आणि सुपरऑक्साइड यांची गाठ पडावी लागते. ल्युमिनॉलचा रॅडिकल कुणी बनवला, हे उजेड सांगत नाही. फेरिसायनाइडही इलेक्ट्रॉन ओढतं, तिथे हायड्रॉक्सिलचा संबंधच नाही. वर ते ४२० नॅनोमीटरलाच शोषतं: १ मिलिमोलर असेल तर १ सेंटिमीटर थरातून जेमतेम दहावा हिस्सा उजेड बाहेर येतो.

आणि सामूचं काय? फेंटन अभिक्रिया, म्हणजे फेरस आणि पेरॉक्साइडची हीच अभिक्रिया, सामू ३ च्या आसपास उत्तम चालते. १०.५ ला फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबूस गाळ धरतो. एका सामूला मोजलेलं दुसऱ्याला लावता येत नाही.

नीलकिरण:
सामूचा मुद्दा मान्य. पण मिथेनॉल घालून उजेड घटतो का, हे बघता येईलच ना?

ब्युरेट:
मिथेनॉल नकोच. हायड्रॉक्सिल त्याचा हायड्रोजन ओढतो, उरलेला रॅडिकल ऑक्सिजनशी जुळून सुपरऑक्साइड सोडतो, आणि उजेड उलट वाढूही शकतो. टर्ट-ब्युटेनॉल घ्या, १०० मिलिमोलर. ल्युमिनॉलच्या हजारपट असल्याने हायड्रॉक्सिल बहुतेक त्याच्याकडेच जातो.

लोहगंज:
तरीही उजेड टिकला तर फेरिल लोहाचा (ऑक्सिजन जोडलेलं, जास्त ऑक्सिडेशन झालेलं लोह) संशय घ्या. मिथाइल फिनाइल सल्फॉक्साइड घालून एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) सल्फोन शोधा. फेरिल सल्फॉक्साइडला सरळ ऑक्सिजन देऊन सल्फोन बनवतं.

ब्युरेट:
१ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात फेरस सल्फेट ऐन वेळी विरघळवा; साध्या पाण्यात ते लवकर पिवळं पडतं. ल्युमिनॉल आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. फेरस शेवटी, उजेड मोजणाऱ्या यंत्राचं झाकण बंद असताना सुईने आत सोडा. बाहेर मिसळून मग झाकण लावलंत, तर पहिली चमक हातची गेली.