शिशाच्या तपासणीसाठी रक्त कुठे द्यावं? (मालवण-कुडाळ)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पडवीतच वितळवून ओततात. पाच वर्षांचा पुतण्या तिथेच खेळतो, राखेत हात घालून तेच तोंडात. सारखं पोट दुखतंय, हिमोग्लोबिन उतरलंय. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं बघायला सांगितलं. ओतकाम लगेच बंद केलंय.

रक्त मुंबईला जाईल, पण त्याला गडद निळ्या टोपणाची, धातूंचा अंश नसलेली ट्यूब लागते. साध्या ट्यूबमुळे आकडा चुकू शकतो. इथल्या लॅबमध्ये ती नाही. कुडाळ, कणकवली, रत्नागिरीत कुठे मिळेल? मुलांत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरलाच लक्ष घालावं लागतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

सोबत आर्सेनिकही करायचं तर मासे किती दिवस बंद ठेवावेत? मासळीतल्या निरुपद्रवी आर्सेनिकनेही आकडा फुगतो, आणि पोर बांगड्याशिवाय जेवत नाही.