पुण्याहून मिक्सर आणि गणपतीच्या माळा: 110-220 चं काय करायचं?

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जुलैत पुण्याहून इथे अमेरिकेत येतायत. बॅगांची यादी रोज वाढतेय. आईला तिचा 750 वॉटचा मिक्सर आणायचाच आहे, कारण तुमच्या त्या ब्लेंडरमध्ये ओलं खोबरं वाटलं जात नाही, नुसतं गरगर फिरतं, असं तिचं म्हणणं. बाबा तपकीर गल्लीतून मखरासाठी एलईडीच्या माळा आणि गणपतीमागचं फिरतं चक्र घेणार आहेत. परत जाताना त्यांना इथून इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, न्यायचाय. ऑफिसात एक जण म्हणाला, दहा डॉलरचा अडॅप्टर घे, काम झालं. खरंच होतं का? मला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगा.

प्रेषक: रोहन

अडॅप्टर बास. लॅपटॉप, फोन, ट्रिमर सगळं तसंच चालवतो मी. काही होत नाही.

प्रेषक: श्रीकांत

मंजिरी, रोहन म्हणतो ते त्याच्या तीन वस्तूंपुरतं अगदी खरं आहे. मिक्सरला ते लावू नकोस.

लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून मोठी करून बघ. ‘इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं असेल. म्हणजे जगात कुठेही लाव, तो आतल्या आत जुळवून घेतो. अशा वस्तूला फक्त पिनांचा आकार बदलून हवा असतो, आणि अडॅप्टर तेवढंच करतो. तो व्होल्टेजला हातही लावत नाही. आईंच्या मिक्सरखालच्या पाटीवर बहुतेक ‘230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 750 वॉट’ असेल. एकच आकडा, मधली रेघ नाही. तिथे अडॅप्टर कुचकामी.

व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची समज. भारतातली टाकी 230 वर, इथली 120 वर. नळ तोच ठेवलास तर इथे धार बारीक येणार. इस्त्री, हीटर यांचं तर आणखी वाईट, कारण व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी होत नाही, जवळजवळ चौथाई होते. पुण्याची 1000 वॉटची इस्त्री इथे जेमतेम 270 वॉट देईल. कॉटनच्या साडीची एक घडीसुद्धा बसणार नाही. मिक्सर फिरेल, पण रडत. ओल्या खोबऱ्यात पातं अडकलं की मोटर तापते, जळका वास येतो. नशीब चांगलं असेल तर खालचं लाल बटण टक्कन बाहेर येऊन ती बंद पडते.

उलट दिशेने गेलात तर नुसती कुरकुर होत नाही, वस्तू जळते. इथला 1500 वॉटचा हेअर ड्रायर पुण्यात नुसत्या अडॅप्टरवर लावला तर तो साडेपाच हजार वॉट खेचायला बघेल. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) आधी पडली तर ठीक, नाहीतर धूर. इन्स्टंट पॉटचं तेच. इथला 120 व्होल्टचाच असतो, आणि तो तिकडे चालवायला लागणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्होल्टेज बदलून देणारा डबा, भांड्याहून जड भरेल. बाबांना सांग, तिकडेच 230 चा घ्या.

हे 120 आलं कुठून, ते आपल्याच गावात सापडतं. मेन्लो पार्कला एडिसनची प्रयोगशाळा होती, म्हणून तर न्यू जर्सीतल्या आपल्या या गावाला एडिसन हे त्याचं नाव. 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून त्याने वीज विकायला घेतली ती सुमारे 110 व्होल्टची, त्याच्या दिव्यांतल्या कार्बनच्या तारेला मानवेल अशी. पुढे त्याची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मागे पडली आणि एसी (सतत दिशा बदलणारी) आली, पण घरोघरी दिवे त्याच व्होल्टेजचे बसले होते, त्यामुळे तो आकडा टिकला आणि सरकत सरकत 120 झाला. दुप्पट व्होल्टेजचा फायदा असा की तेवढ्याच कामासाठी निम्मा करंट पुरतो, तारा बारीक चालतात. भारतात ब्रिटिशांच्या मागोमाग 230 आणि 50 हर्ट्झ आलं. आपण अजून तोंडाने 220 म्हणतो, ते सवयीने.

आता हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागे-पुढे हेलकावते तो आकडा. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, तिला 50 आणि 60 चं सोयरसुतक नसतं. बाबांच्या चक्राची छोटी मोटर मात्र बहुधा हर्ट्झ मोजून फिरणारी असेल. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी हर्ट्झ बदलत नाही, म्हणून चक्र इथे पाचवा हिस्सा जास्त वेगाने फिरेल. बाप्पाची हरकत नसावी.

माळा आणू नका. तिकडच्या माळेत एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, अशा हिशेबाने की सगळे मिळून 230 पेलतील. एलईडीला पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतंच. बल्बसारखा तो मंद पेटून वेळ मारून नेत नाही. 120 वर अख्खी माळ काळीठिक्कर राहू शकते. यूएसबीवर चालणारी असेल तर खुशाल आणा, ती पाच व्होल्टची असते.

प्रेषक: रोहन

ओके काका, माघार. पण एक सांगा. मी भारतात जातो तेव्हा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात. घरचे म्हणतात अमेरिकेचा माल.

प्रेषक: श्रीकांत

तुझा चार्जर तीन पिनांचा असेल आणि तू मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर घालतोस, बरोबर? तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ती तुटली की चार्जरमधून झिरपणारा अगदी थोडा करंट जायला वाट शोधतो आणि तुझ्या मनगटाला जाणवतो. चार्जर चांगला असेल तर जिवाला धोका नाही, पण तीन पिनांचा अडॅप्टर घे.

प्रेषक: वसुधा

मंजिरी, मी वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मरवर मिक्सर चालवलाय. तो उचलताना कंबर धरते, ओट्यावर जागा अडते, आणि मिक्सर बंद असला तरी गूंऽऽऽ चालूच. हल्ली ओक ट्री रोडवर आपल्याकडचेच मिक्सर 110 व्होल्टचे मिळतात. चटणीचं भांडंसुद्धा येतं सोबत. आईला म्हणावं, जुना मिक्सर तिकडे शेजारणीकडे ठेव, आल्याबरोबर इथे नवा घेऊ.

प्रेषक: मंजिरी

मावशी, मी बोलून बघितलं. “या मिक्सरची मला सवय आहे” यावर कुणाचं काय चालणार? ट्रान्सफॉर्मरच घ्यायचा झाला तर कोणता?

प्रेषक: श्रीकांत

मिक्सर सुरू होताना पहिला झटका मोठा घेतो, तेव्हा 750 ला निदान 1500 वॉटचा बघ. लोखंडी गाभ्याचा, हातात घेतल्यावर जड लागणारा. मुठीएवढा हलका ‘कन्व्हर्टर’ मिळतो, त्यावर 1600 वॉट लिहिलेलं असलं तरी घेऊ नको. ते हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, मोटरसाठी नाहीत.

बऱ्याच ट्रान्सफॉर्मरना मागे 110/220 चं सरकबटण असतं. इथे ते 110 वर हवं, आणि भिंतीत पिन घालायच्या आधी बघायचं. मिक्सर ‘स्टेप अप’ (व्होल्टेज वाढवणारा) लिहिलेल्या सॉकेटमध्येच. वापर झाला की ट्रान्सफॉर्मरची पिन काढून ठेव, मावशी म्हणतात तो गूं आवाज म्हणजे बिल चालू आहे.

कुणीतरी सांगेलच की कपड्यांच्या ड्रायरमागे 240 आहे, तिथून घे. आहे, इथल्या बहुतेक घरांत 120 च्या दोन बाजू येतात आणि ड्रायर त्या दोन्ही मिळून वापरतो. पण तो सॉकेट 30 अँपिअरचा. मिक्सरच्या बारीक वायरीत काही बिघडलं तर ब्रेकर (इथली एमसीबी) पडायच्या आत वायर जळू शकते. स्वयंपाकघर नव्याने करत असाल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून 240 चा वेगळा, योग्य अँपिअरचा पॉइंट काढून घेता येतो. एका मिक्सरसाठी भिंत फोडणं मला तरी पटत नाही.

प्रेषक: कार्यवाह

माळांवरून आठवलं. आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळीच हॉलच्या स्वयंपाकघरातली वीज जाते. काका, यंदा काही उपाय?

प्रेषक: श्रीकांत

कॉफीचा मोठा अर्न 1500 वॉटचा, म्हणजे साडेबारा अँपिअर. त्याच सर्किटवर मोठा राइस कुकर लावला की 20 चा ब्रेकर थोड्या वेळात पडणारच, तो त्याचं काम करतोय. एक्स्टेन्शन लावून उपयोग नाही, सर्किट तेच राहतं. शनिवारी सकाळी मी हॉलवर येतो. एकेक ब्रेकर पाडून कोणता सॉकेट कशावर आहे ते बघू आणि प्रत्येकावर टेपने नंबर चिकटवू. अर्न एका नंबरवर, कुकर दुसऱ्यावर, मखराचे दिवे तिसऱ्यावर. माळा इथल्याच दुकानातल्या, यूएलचा (सुरक्षा तपासणीचा) शिक्का असलेल्या आणा, हॉलवाले तपासतात. कुणीतरी टॉर्च आणि मार्कर आणा, पॅनेल जिन्याखाली आहे.